प्राण्याला इजा झाली नाही, तरीही लोक का संतापले?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे तो मला नीट समजला आहे की नाही, हे तुम्हाला ताडून पाहता येईल. तुमची कंपनी गच्ची आणि भिंतींच्या वॉटरप्रूफिंगची रसायने बनवते. पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही मराठी वाहिन्यांवर एक जाहिरात सुरू केली. तीत मुसळधार पावसात एक भिजलेले कुत्रे बंगल्याच्या छज्जाखाली आडोशाला येऊन बसते, घरमालक त्याला पायाने पुन्हा पावसात ढकलतो आणि ‘नको ते बाहेरच’ असे म्हणून हसतो. चार दिवसांत लोक तुटून पडले. जाहिरात संस्थेचे म्हणणे असे की, कुत्रे प्रशिक्षित होते, रीतसर परवानगी होती, पाऊस टँकरच्या पाण्याचा होता, तेव्हा ‘कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही’ असे निवेदन काढावे आणि वादळ शमण्याची वाट पाहावी. अमेरिकेतील गोडॅडी या संकेतस्थळांची नावे विकणाऱ्या कंपनीने २०१५ मध्ये अशाच वादात जाहिरात मागे घेतली होती, तो निर्णय योग्य होता का आणि तुम्हीही तसेच करावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी मुंबईत बरीच वर्षे जाहिरात संस्थांत काम केले आणि आता कंपन्यांना अशाच अडचणीच्या प्रसंगी सल्ला देतो. त्या अनुभवावरून सांगतो की, तुमची खरी अडचण जाहिरात ठेवावी की काढावी ही नाही. लोक तुम्हाला एक प्रश्न विचारत आहेत आणि तुमची जाहिरात संस्था तुम्हाला दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर लिहून देत आहे. प्राण्यांच्या जाहिरातींवरून उसळणाऱ्या बहुतेक वादांत तीन वेगळे आक्षेप एकमेकांत मिसळलेले असतात: चित्रीकरणाच्या वेळी प्राण्याला त्रास झाला का, ही जाहिरात पाहून पुढे इतर प्राण्यांना त्रास होईल का, आणि तुम्ही प्रेक्षकाला नेमके कशावर हसायला सांगितले. पहिल्याचे उत्तर कागदपत्रांनी देता येते. दुसऱ्याचे अंशतः देता येते. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही प्रमाणपत्रात सापडत नाही.

गोडॅडीचे प्रकरण याच दृष्टीने बघा. १ फेब्रुवारी २०१५ रोजी सुपर बोल हा अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना होता. तिकडे त्या सामन्यातल्या जाहिराती हा स्वतंत्र कौतुकाचा विषय असतो आणि त्या वर्षी तीस सेकंदांचा भाव सुमारे ४५ लाख डॉलर होता. बडवायझर या बिअर कंपनीने आदल्या वर्षी कुत्र्याच्या पिल्लाची भावस्पर्शी जाहिरात करून लोकांची मने जिंकली होती, आणि गोडॅडीने त्याच धाटणीचे विडंबन केले. बडी नावाचे गोल्डन रिट्रीव्हर जातीचे पिल्लू धावत्या ट्रकमधून खाली पडते, पावसातून, अनोळखी वाटांनी धडपडत घरी परतते. मालकीण त्याला पाहून आनंदाने उचलून घेते, आणि आनंदाचे कारण सांगते ते असे की, तिने गोडॅडीच्या मदतीने तयार केलेल्या संकेतस्थळावरून त्याला नुकतेच विकले आहे. लगेच पिल्लाची रवानगी होते. २७ जानेवारीला ही जाहिरात सामन्याआधीच लोकांसमोर आली. काही तासांत ती मागे घ्यावी अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन याचिकेवर ४२ हजारांच्या आसपास सह्या झाल्या आणि त्याच दिवशी मुख्य कार्यकारी अधिकारी ब्लेक अर्व्हिंग यांनी ती मागे घेत असल्याचे जाहीर केले. सामन्यात कंपनीची दुसरीच जाहिरात दाखवली गेली.

आता त्या संतापाचे कारण पाहा. पिल्लू ट्रकमधून पडते, ते दृश्य खरे आहे असे कोणी मानले नव्हते. अमेरिकेत कुत्र्यांची पिल्ले घाऊक पैदास करून, अत्यंत वाईट अवस्थेत कोंडून ठेवून, संकेतस्थळांवरून विकली जातात, आणि प्राणिकल्याणाचे काम करणारे लोक या धंद्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढत आले आहेत. बरोबर त्याच जखमेवर या जाहिरातीचा विनोद उभा होता. घराच्या ओढीने परत आलेल्या जिवाला माल म्हणून पाठवून देणे, हा त्या तीस सेकंदांतला हशाचा क्षण होता. अर्व्हिंग यांनी आपल्या निवेदनात बडी हा चांगल्या, जबाबदार पैदासकाराकडून आणला आहे आणि कंपनीतल्याच एका जुन्या कर्मचाऱ्याच्या घरी कायमचा राहायला गेला आहे, असेही सांगितले. ती माहिती लोकांना हवीच होती. पण नुसती तेवढीच दिली असती आणि जाहिरात चालू ठेवली असती, तर संताप वाढला असता, कारण ते पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले असते आणि लोक तिसरा प्रश्न विचारत होते. जाहिरात मागे घेणे हे त्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते. म्हणून तो निर्णय योग्य होता, आणि त्याच दिवशी घेतला म्हणून अधिक योग्य होता.

या प्रकरणाला एक पूर्वपीठिका आहे आणि तुमच्यासाठी ती महत्त्वाची आहे. २०११ मध्ये याच कंपनीचे संस्थापक बॉब पार्सन्स यांनी झिंबाब्वेमध्ये हत्तीची शिकार केल्याचा व्हिडिओ स्वतःच प्रसिद्ध केला होता. पिकांची नासाडी करणारा हत्ती मारून आपण गावकऱ्यांना मदत केली, असे त्यांचे म्हणणे होते. तरी लोक खवळले, आणि नेमचीप या प्रतिस्पर्धी कंपनीने आपल्याकडे वळणाऱ्या ग्राहकांमागे हत्तींच्या रक्षणासाठी देणगी देऊ केली. २०१५ मध्ये कंपनीचे नेतृत्व बदललेले होते, परंतु लोकांच्या मनातले खाते बदललेले नव्हते. कोणत्याही कंपनीला मी पहिला प्रश्न विचारतो तो हा की, याआधी तुमच्या नावावर असे काही जमा आहे का? कारखान्याच्या आवारातून कुत्री हाकलल्याची जुनी क्लिप, मालकांचा एखादा जुना शेरा, काहीही. असेल तर ते दोन दिवसांत वर येणार, असे समजूनच पुढची पावले ठरवा.

आता तुमच्या जाहिरातीकडे वळू. तुम्ही पाठवलेल्या प्रतिक्रिया मी वाचल्या. अशा वेळी मी सगळ्या प्रतिक्रिया कागदावर उतरवून त्यांचे वरील तीन आक्षेपांप्रमाणे गठ्ठे करायला सांगतो. यंत्राकडून नको, माणसाने एकेक वाचून. तुमच्याकडे पहिल्या गठ्ठ्यात थोड्याच प्रतिक्रिया पडतात: ‘कुत्र्याला खरंच लाथ मारली का?’ दुसऱ्यात बऱ्याच आहेत. त्यातली एक आई लिहिते की, जाहिरात लागल्यावर तिचा सहा वर्षांचा मुलगा ‘नको ते बाहेरच’ म्हणत सोसायटीतल्या कुत्र्याला पायाने ढकलत होता. तिसरा गठ्ठा सर्वांत जाड आहे आणि त्याचा सूर एकच आहे: पावसात भिजणाऱ्या मुक्या जिवाला आसरा नाकारणे यात तुम्हाला विनोद कुठे दिसला? जाहिरात संस्थेचे निवेदन जसेच्या तसे प्रसिद्ध केले, तर या तिसऱ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक माणसाला असे वाटेल की, आपले बोलणे ऐकूनच घेतलेले नाही.

शिवाय तुमची चित्रफीत मी आवाज बंद करून, एकेक चौकट थांबवून पाहिली. तुम्हीही तसे करून पाहा. पाय पुढे येतो त्याच्या अगदी आधी कुत्र्याचे कान मागे जातात, शेपूट पोटाखाली जाते आणि ते अंग चोरून घेते. कुत्रा प्रशिक्षित असला तरी ही देहबोली घरात कुत्रे पाळलेला कोणीही माणूस भीती म्हणूनच वाचणार. ती आज्ञेवरून केलेली कृती होती की खरी भीती होती, हे चित्रीकरणाच्या जागी हजर असलेला पशुवैद्य सांगू शकेल आणि तुम्ही त्याला ते विचारलेच पाहिजे. पण प्रेक्षकापुढे पशुवैद्य नाही, ती चौकट आहे.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल जाहिरात व्यवसायात एक सोयीचा समज आहे की, जाहिरात पाहून कोणी प्राण्यांशी वेगळे वागायला लागत नाही. आपल्याकडचाच दाखला याविरुद्ध बोलतो. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे फिरणारा पग साऱ्या देशाला आवडला. त्या जाहिरातीत क्रूरतेचा लवलेशही नव्हता. तरी तिच्यामुळे घरोघरी पगची मागणी वाढली, आणि चपट्या नाकाची ही जात उष्ण हवेत श्वासासाठी झगडते, हे कुत्रे घरी आणल्यानंतर अनेकांना कळले. अमेरिकेत कपडे घातलेल्या चिंपांझींच्या विनोदी जाहिराती गाजत होत्या, तेव्हा ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, अशा जाहिराती पाहिलेले लोक चिंपांझींच्या संवर्धनासाठी कमी पैसे द्यायला तयार होतात. गोड वाटणारी जाहिरात जर एवढा परिणाम करते, तर पायाने ढकलण्याला शाबासकी देणारी जाहिरात काहीच करणार नाही, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

कायद्याची बाजू नीट समजून घ्या, कारण जाहिरात संस्था तिच्यावरच सगळी भिस्त ठेवून आहे. प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम २२ नुसार आणि २००१ च्या नियमांनुसार, ज्या प्राण्याकडून काम करून घ्यायचे त्याची भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि चित्रीकरणापूर्वी परवानगी लागते. ती कागदपत्रे तुमच्या हातात असायला हवीत. ‘संस्थेने घेतली आहे’ या तोंडी आश्वासनावर राहू नका. अर्जात कुत्र्याचे काम काय म्हणून लिहिले होते तेही वाचा. ‘छज्जाखाली बसणे’ एवढेच लिहून प्रत्यक्षात पायाने ढकलण्याचे दृश्य घेतले असेल, तर तुमची अडचण वेगळ्याच पातळीवर जाते आणि तेव्हा या उत्तराआधी वकिलाकडे जायला हवे. याच कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला मारणे आणि लाथ मारणे हे शब्द क्रूरतेच्या व्याख्येत स्पष्टपणे आलेले आहेत. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे, ही रक्कम आज लाजिरवाणी वाटते, पण कृत्य गुन्हाच आहे. म्हणजे तुमचा नायक पडद्यावर जे हसत करतो, ते रस्त्यावर केले तर गुन्हा ठरतो.

अर्थात कायद्याने निर्दोष ठरणे आणि लोकांनी मान्य करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे ब्रिटनच्या एका प्रकरणात स्वच्छ दिसते. २०१० मध्ये पॅडी पॉवर या सट्टा कंपनीच्या दूरचित्रवाणी जाहिरातीत अंध फुटबॉलपटू घुंगरू असलेल्या चेंडूने खेळत असतात, गळ्यात घंटी असलेली मांजर मैदानात येते आणि चेंडू समजून तिलाच लाथ बसते. लाथ प्रत्यक्ष दाखवलेली नव्हती, शेवटी मांजर झाडावर सुखरूप दिसत होती. तिथल्या जाहिरात मानक प्राधिकरणाकडे १,३१३ तक्रारी गेल्या, त्या वर्षी सर्वाधिक तक्रारी आलेली जाहिरात तीच होती. प्राधिकरणाने तक्रारी मान्य केल्या नाहीत; प्रसंग उघडपणे अवास्तव आहे आणि त्याने क्रूरतेला उत्तेजन मिळण्याची शक्यता कमी आहे, असा त्यांचा विचार होता. तुमची संस्था हा दाखला तुमच्यापुढे ठेवील. तेव्हा दोन फरक ध्यानात घ्या. तिथे लाथ हा अपघात होता आणि प्रसंग कोणाच्या रोजच्या अनुभवातला नव्हता. तुमच्याकडे माणूस जाणूनबुजून ढकलतो, आणि पावसाळ्यात छज्जाखाली, जिन्यात, दुकानाच्या फळीखाली बसलेले कुत्रे महाराष्ट्रातल्या प्रत्येक गल्लीत रोज दिसते. जाहिरात वास्तवाच्या जितकी जवळ, तितका तिचा विनोद लोक खरा मानतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांची उत्तरे माझ्याकडे नाहीत. वाहिन्यांशी तुमचा करार काय आहे, आरक्षित वेळ दुसऱ्या जाहिरातीला वापरता येतो का, तुमच्याकडे दाखवण्याजोगी दुसरी चित्रफीत तयार आहे का, हंगामाची किती विक्री या एकाच जाहिरातीवर बेतलेली आहे, हे तुम्हालाच ठाऊक. गोडॅडीसारखी मोठी कंपनी दुसरी जाहिरात लगेच उभी करू शकते. मध्यम आकाराच्या कंपनीला आठवडा रिकामा काढावा लागेल. तरीही माझा सल्ला जाहिरात पूर्ण मागे घेण्याचाच आहे. ‘पायाचे दृश्य कापून बाकीची चालवू’ हा मधला मार्ग सुचवला जाईल. प्राणी जाहिरातीत केवळ कोपऱ्यात असता, तर मीही कापायला सांगितले असते. इथे सारा विनोद त्या पायावर आहे. तो काढला तर जाहिरातीला अर्थ उरत नाही, आणि मूळ क्लिप लोकांच्या मोबाइलमध्ये असताना कापलेली आवृत्ती म्हणजे पुरावा लपवल्यासारखी दिसते.

तुमच्या बाजूने बोलणाऱ्यांविषयी सावध राहा. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सध्या फार तापलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि दहा-बारा दिवसांतच, निर्बीजीकरण व लसीकरण करून ती मूळ जागी सोडावीत, असा त्यात बदल झाला. तेव्हापासून या विषयावर घरोघरी दोन तट पडलेले आहेत. चावा घेतल्याने पोळलेल्या माणसांचे दुःख खरे आहे आणि त्याची थट्टा कोणी करू नये. पण ‘बरं केलंत, कुत्र्यांचा उच्छाद झालाय’ असे लिहिणाऱ्यांच्या पाठिंब्यावर तुम्ही उभे राहिलात, तर रसायन विकणारी कंपनी एका सामाजिक भांडणातली बाजू होऊन बसेल. अशा प्रतिक्रियांना ‘लाइक’सुद्धा करू नका. आणि हा संताप समाजमाध्यमांमुळे उगवलेले नवे फॅड आहे, असे कोणी म्हटले तर त्याला १८३२ सालची मुंबई सांगा: सरकारने भटकी कुत्री मारायला लावली म्हणून पारशी आणि त्यांच्यासोबत इतर समाजांतले लोक फोर्टमध्ये रस्त्यावर उतरले होते आणि शहराचे व्यवहार बंद पडले होते.

निवेदनाबाबत माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी जाहिरात सर्व ठिकाणांहून काढा, तुमच्या यूट्यूब वाहिनीवरून आणि वितरकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतूनही, आणि मगच बोला. मजकूर साधारण असा असावा: ‘आमच्या जाहिरातीत पावसात आडोशाला आलेल्या कुत्र्याला पायाने बाहेर ढकलण्याचे दृश्य आम्ही विनोद म्हणून दाखवले. तसे दाखवायला नको होते. ती जाहिरात आम्ही आजपासून सर्व वाहिन्यांवरून व आमच्या सर्व खात्यांवरून काढली आहे. ज्यांनी हे आमच्या निदर्शनास आणले त्यांचे आम्ही आभारी आहोत. चित्रीकरणासाठी घेतलेली परवानगी आणि पशुवैद्यकीय प्रमाणपत्र ज्यांना पाहायचे असेल त्यांना आम्ही दाखवू.’ बघा, यात दृश्याचे वर्णन स्वतःहून केलेले आहे. ‘एका जाहिरातीबाबत’ अशी मोघम भाषा नाही. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हे शब्द नाहीत, कारण त्या ‘असल्यास’मुळे दोष ऐकणाऱ्याच्या हळवेपणावर ढकलला जातो. कागदपत्रांचा उल्लेख आहे, पण शेवटी आहे आणि बचाव म्हणून नाही. तारीख आणि कंपनीच्या प्रमुखाचे नाव खाली असू द्या. ‘व्यवस्थापन’ असे लिहिलेल्या माफीनाम्यामागे माणूस दिसत नाही.

एखाद्या प्राणिसंस्थेला लगेच देणगी देऊन तिचे छायाचित्र टाकण्याचा मोह आवरा. मदत करायची असेल तर करा, ती गरजेचीच असते, पण या महिन्यात तिची जाहिरात करू नका. त्याच कुत्र्याला छज्जाखाली घेणारी ‘सुधारित’ जाहिरातही या पावसाळ्यात नको. प्राण्याशिवाय लोकांचे मन जिंकता येते, हे त्याच मोबाइल कंपनीने, नाव व्होडाफोन झाल्यावर, २००९ मध्ये झूझू आणून दाखवून दिले. पांढऱ्या पोशाखातली ती माणसेच होती आणि त्यासाठी कोणत्याही प्राण्याला कॅमेऱ्यापुढे उभे करावे लागले नाही. तुमच्या पुढच्या जाहिरातीसाठी मी त्याच दिशेने विचार करायला सांगेन.

कोणी जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार केली असेल, तर तुमच्याकडून खुलासा मागवला जाईल. १९८५ पासून काम करणारी ही संस्था स्वयंनियमनाची असली, तरी तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत २००६ पासून या परिषदेच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात दाखवता येणार नाही अशी तरतूद आहे. जाहिरात आधीच मागे घेतल्याचे खुलाशात तारखेसह कळवा. तिथे वाद घालत बसण्यात काही हशील नाही. वितरकांना वेगळे पत्र आजच पाठवा, कारण ठाण्यात किंवा सांगलीत दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला गिऱ्हाईक हाच प्रश्न विचारणार आहे, आणि त्याला दोन वाक्यांत सांगता येईल असे उत्तर हवे: जाहिरात चुकीची होती, कंपनीने काढून टाकली.

आणि कुत्र्याचा प्रशिक्षक व त्या घरमालकाचे काम करणारा नट यांना आजच फोन करा. तुमच्या प्रतिक्रियांत त्या दोघांना नावानिशी शिव्या दिलेल्या मला दिसल्या. दृश्य त्यांनी लिहिलेले नाही, मंजूर तुम्ही आणि संस्थेने केलेले आहे. तेव्हा निवेदनात त्यांची नावे घेऊ नका, त्यांच्यावर काही ढकलू नका, आणि या मजकुराची व दृश्याची सर्व जबाबदारी कंपनीची आहे, असे एक वाक्य वर दिलेल्या मसुद्यात ‘तसे दाखवायला नको होते’ याच्या लगेच खाली घाला.